विद्यापीठाच्या मैदानांची वाटचाल

वढू बुद्रुक म्हटले की छत्रपती संभाजी महाराजांची समाधी डोळ्यांपुढे येते. याच गावातून रोज पहाटे कोरेगावच्या रस्त्याने धावणारी काही मुले आपल्या महाविद्यालयात शिकतात, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक. गेल्या वर्षी विभागीय स्पर्धेत ४०० मीटर धावताना मी तिसऱ्या मार्गिकेत होतो. चौथ्या मार्गिकेतला गडी माझ्या साडेसात मीटर पुढे उभा! त्याला गाठायचेच म्हणून पहिल्या शंभर मीटरमध्ये सारा दम घालवला आणि शेवटून दुसरा आलो. त्या दिवसापासून या मैदानांचा इतिहास जाणून घेण्याची ओढ लागली.

आपल्या विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. गणेशखिंडीतील मुंबईच्या गव्हर्नरांचे जुने निवासस्थान आणि भोवतालची ४०० एकरांहून अधिक जागा विद्यापीठास मिळाली. परंतु पुण्यातील क्रीडापरंपरा विद्यापीठाहून जुनी आहे. डेक्कन जिमखाना १९०६ चा, महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावली. त्यांचा वेग पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय संघ पाठविण्याचा घाट घातला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. म्हणजे ऑलिंपिकची आपली वाट मातीच्या मैदानावरून, अनवाणी पायांनीच सुरू झाली.

आरंभी पुणे विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूरसह पश्चिम महाराष्ट्रातील अनेक जिल्हे होते. १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळी विद्यार्थ्यांच्या खेळामागे योजना कमी आणि माणसे जास्त होती, हेच यावरून दिसते.

पुढे १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले. १९९० मध्ये जळगावचे विद्यापीठ निघाले आणि आपल्याकडे पुणे, नगर व नाशिक हे तीन जिल्हे राहिले. खेळाची रचना याच भूगोलावर उभी आहे. महाविद्यालयाचा खेळाडू प्रथम आपल्या विभागात खेळतो. तेथून आंतरविभागीय स्पर्धेत, आणि तेथे निवड झाली तर आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचा गणवेश अंगावर चढतो. शिडीच्या पायऱ्या सर्वांना सारख्या आहेत, पण शिडीपर्यंत पोचण्याचे अंतर सारखे नाही.

मैदाने त्या मानाने उशिरा आली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा आणि २०१३ ची आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा तेथेच झाल्या. शहरात सणस मैदानावरही कृत्रिम धावनमार्ग आहे. विद्यापीठाच्या स्वतःच्या आवारात मात्र असा मार्ग असलेले क्रीडासंकुल खुले झाले ते २०२३ मध्ये, स्थापनेनंतर तब्बल चौऱ्याहत्तर वर्षांनी. त्याला नाव खाशाबा जाधवांचे दिले, हे उचितच झाले.

आता माझ्या फजितीचे शास्त्र सांगतो. मार्गिका १.२२ मीटर रुंद असते. बाहेरच्या मार्गिकेचे वळण मोठे, म्हणून तेथील धावपटूला पुढे उभे करून अंतर सारखे करतात. प्रमाणित मार्गावर दुसऱ्या मार्गिकेला ७.०४ मीटर आणि पुढच्या प्रत्येकीला आणखी ७.६७ मीटर मिळतात. माझ्यापुढचा गडी पुढे नव्हताच. तो माझ्या बरोबरीने उभा होता! गंमत अशी, की पूर्ण एका फेरीची ही आघाडी मैदान लहान असो वा मोठे, बदलत नाही. ती मार्गिकेच्या रुंदीवरच ठरते.

याचा अर्थ, मित्रहो, हा धडा शिकण्यासाठी बालेवाडी गाठण्याची गरज नाही. आपल्या मैदानावर दोनशे मीटरची फेरी आखून, फक्कीने चार मार्गिका मारल्या आणि प्रत्येक मार्गिकेची सुरुवात साडेसात मीटरच्या सुमारास पुढे घेतली, की वळणावर धावण्याची आणि दम राखण्याची सवय होईल. त्याला लागेल एक टेप, सुतळी, दोन पोती फक्की आणि एका रविवारचे श्रमदान. कृत्रिम मार्गावर खिळ्यांचे बूट घालून धावण्याचा सराव मात्र मातीवर होत नाही. त्यासाठी स्पर्धेपूर्वी एकदा तरी खेळाडूंना पुण्यास नेऊन आणावे, अशी क्रीडा विभागास नम्र विनंती.

या वर्षी आमच्यापैकी जो कोणी तिसऱ्या मार्गिकेत उभा राहील, त्याने पुढच्याला पाहून घाबरू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.