फोनवरचा आवाज आणि घरातले कान

रोबोट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हातपाय हलवणारा लोखंडी माणूस येतो. आपल्या देशात गरोदर बायकांना आरोग्याची माहिती देणाऱ्या यंत्राला मात्र हात नाहीत आणि चेहराही नाही. त्याला फक्त आवाज आहे, आणि तो साध्या बटणांच्या मोबाईलवरही ऐकू येतो.

केंद्र सरकारची 'किलकारी' ही सेवा २०१६ मध्ये सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रातही आली. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला यंत्र स्वतःहून फोन लावते आणि त्या त्या आठवड्याला लागणारी माहिती ऐकवते. असे एकूण ७२ फोन येतात आणि पैसे लागत नाहीत. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही ते समजते. मुंबईतील डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'अरमान' संस्थेची 'एम-मित्र' सेवाही अशीच चालते.

अडचण पुढे येते. नाव नोंदवताना बहुतेक घरांत शौहरचा नंबर दिला जातो. सकाळी तो मोबाईल घेऊन कामावर जातो. फोन येतो, 'कंपनीचा असेल' म्हणून कापला जातो, आणि जिच्यासाठी तो आवाज आहे तिच्यापर्यंत तो पोहोचतच नाही. 'अरमान'ने गुगलच्या संशोधकांसोबत एक पद्धत तयार केली. कोणती बाई फोन ऐकणे सोडून देईल याचा अंदाज कृत्रिम बुद्धिमत्ता बांधते आणि मग संस्थेची माणसे तिला स्वतः फोन करतात. म्हणजे यंत्रालाही शेवटी माणसाचीच मदत घ्यावी लागली.

म्हणून आम्ही घरातल्या मंडळींना सांगू इच्छितो की नोंदणी करताना शक्यतो सूनबाईचाच नंबर द्या. नंबर बदलला तर आशाताईंना कळवा. मोबाईल एकच असेल तर स्पीकर लावा आणि सासूबाईंनीही ऐकावे. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, ही साधी गोष्ट सासू आणि सून दोघींना माहीत असली की त्यावरून वाद होत नाही.

पण ध्वनिमुद्रित आवाजाला प्रश्न विचारता येत नाही. रमजानमध्ये रोजा ठेवावा का, ही आपल्या घरांतली नेहमीची चिंता. आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची भीती असेल तर रोजा पुढे ढकलण्याची सवलत शरीअतने दिली आहे. तब्येतीचे डॉक्टरांना विचारावे आणि मसला आलिमांना. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. मनातले प्रश्न तिथे विचारता येतात.

काही लक्षणांत मात्र पुढच्या फोनची किंवा ९ तारखेची वाट पाहू नका. अंगावरून रक्त जाणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, झटके, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच दवाखाना गाठा. १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका मिळते. शौहर घरी यायचे आहेत, सासरे नमाजला गेले आहेत, म्हणून थांबू नका.

आई किती कष्टाने मूल पोटात वाढवते, याची आठवण कुरआनने सूरह लुकमानमध्ये करून दिली आहे. त्या कष्टांची कदर म्हणून आठवड्यातून दोन मिनिटे तिच्या हातात मोबाईल द्यायला काय हरकत आहे?