दारू कमी झाली, पाय अजून जळतात

सांगलीत एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये मी तंत्रज्ञ आहे. सकाळी सातपासून लोकांच्या दंडाला पट्टा आवळायचा, शीर चाचपायची, सुई घालायची. रात्री घरी एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, असं बरीच वर्षं चाललं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करत करत आता शनिवारच्या एका पेगवर आलोय. पेग कमी झाले की शरीर लगेच सुधारतं असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक अवयव आपल्या सवडीनं सुधारतो.

पहिल्यांदा हात बोलले. पट्टा आवळताना बोटं थरथरायची, तेव्हा पेशंट माझ्या तोंडाकडे बघायचे. दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या गाबाला बळ देते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. रोजच्या पिणाऱ्याचा मेंदू उलट्या बाजूनं जोर लावून तोल सांभाळतो. दार दोघं दोन्हीकडून रेटत असताना एकानं अचानक हात काढला, की दुसरा तोंडघशी पडतो, तसंच हे. थरथर, घाम, धडधड त्यातूनच येते. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन नसलेलं दिसायला लागतं, जिवावरही बेततं. आमच्याकडे माळ घालून दारू सोडतात. खुशाल घाला, पण आधी डॉक्टरांना दाखवा. ते काही दिवस गोळ्या देऊन हा धक्का सौम्य करतात.

माझं रक्त मीच मशीनला लावायचो. यकृतावरचा ताण सांगणारा गॅमा जीटी काही आठवड्यांत उतरला, तेव्हा मी खूश. पण एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचं आकारमान, १०४ वरून जेमतेम १०२ वर आलेलं. मशीन बिघडलं म्हणून मी पुन्हा लावून बघितलं. मशीन ठीक होतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. दारूच्या दिवसांत तयार झालेल्या फुगीर पेशी आपलं आयुष्य पुरं करूनच जाणार. तीन-चार महिने तो आकडा वरच राहिला तर नवल नाही. न उतरल्यास बी-१२, फॉलिक ॲसिड आणि थायरॉईडही बघावं लागतं.

झोपेचं थोडक्यात सांगतो. दारूनं दाबलेली स्वप्नांची झोप भलत्याच जोमानं परत येते. रात्री तीनला दचकून जाग, हे काही महिने चालू शकतं. ‘झोपेपुरती थोडी घे’ म्हणणारे मित्र भेटतात. घेतली तर डोळा लवकर लागतो, उत्तररात्रीची झोप मात्र मोडते.

पाय सगळ्यांत हट्टी. दारूमुळे थायमिन म्हणजे बी-१ अंगाला लागत नाही, शिवाय दारू स्वतःही नसांना इजा करते. तळपायांची आग होते, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. नसा सुधारायला महिनोन्‌महिने लागतात, काही वेळा त्या पूर्ण बऱ्याही होत नाहीत. मी रात्री पाय चादरीबाहेर काढतो आणि बायको म्हणते, “अहो, डास फोडून काढतील.” नसा सुधारायच्या तर शनिवारचाही पेग नको, असं डॉक्टर म्हणतात. घरात यावर मतदान झालंय. मी एकटाच अल्पमतात आहे.