सायकलवरून लक्ष्मी तलावाला

सायकल म्हणजे गरिबाची मजबुरी, असे आम्हीही समजत होतो. बंधूभगिनींनो, हा समज आमच्या थोरल्या मुलीने मोडला. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. जानेवारीत तिने हट्टच धरला, “बाबा, राधानगरीला सायकलने जाऊ.” अंतर सुमारे ५० किलोमीटर! “पोरीच्या जातीला एवढ्या लांब?” असे शेजारी म्हणाले. आम्हीही कचरलो. शेवटी पंप, पंक्चरचे सामान आणि भाकरी-खर्डा कॅरिअरला बांधून पहाटे रंकाळ्यावरून निघालो.

हळदी, भोगावती मागे पडली. दोन्ही बाजूंना ऊस. उसाने भरलेल्या ट्रॉल्या आल्या की आम्ही उतरून कडेला थांबायचो. चढावर आमचा दम तुटला. मुलगी पुढे जाऊन वाट पाहत थांबली.

मग लक्ष्मी तलावाचे अथांग पाणी दिसले. भोगावती नदीवरील या धरणाचे काम राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केले. १९२२ साली महाराज गेले. काम नंतर पूर्ण झाले. आम्ही मुलीला सांगितले, “पावसाळ्यात तलाव भरला की याचे सात दरवाजे आपोआप उघडतात.”

ती हळूच म्हणाली, “बाबा, मलाही पुण्याला शिकायला जाऊ द्या ना.”

वर्षभर आम्ही हा विषय टाळत होतो. भाकरी खाता खाता होकार दिला.

पालकहो, ब्रेक तपासा, हवा भरा आणि मुलींना सायकल द्या. त्या पुढे गेल्या तरी आपली वाट पाहतात.