वननिसर्गचित्रण

वननिसर्गचित्रण हा निसर्गचित्रण या चित्रप्रकाराचा एक भाग आहे. सपाट कागदावर किंवा कॅनव्हासवर जंगलाची खोली आणि झाडांमधून झिरपणाऱ्या प्रकाशाचा प्रत्यय देणे, हे त्याच्या वास्तवदर्शी पद्धतीचे उद्दिष्ट असते. माळरानाच्या चित्रात क्षितिजामुळे अंतर जाणवते. दाट झाडीत क्षितिज झाकले जात असल्याने आकार, छटा आणि कडा यांवरूनच खोली दाखवावी लागते.

खोली

जवळचे खोड रुंद, ठळक कडांचे व सालीच्या तपशिलासह रंगवतात. दूरची खोडे बारीक होत जातात, त्यांचे बुंधे चित्रात वर सरकतात आणि पुढच्या झाडांआड अंशतः झाकले जातात. हवेत निळा प्रकाश अधिक विखुरला जात असल्याने दूरची गडद झाडी फिकट व निळसर दिसते. याला वातावरणीय यथादर्शन म्हणतात. लिओनार्दो दा विंची याने आपल्या टिपणांत त्याचे विवेचन केले आहे.

प्रकाश

पानामागून ऊन आले की पान पिवळसर हिरवे दिसते. वरून पडलेल्या आकाशाच्या उजेडात तेच निळसर भासते. म्हणून एकाच हिरव्या रंगाने सारे जंगल रंगवल्यास चित्र सपाट होते. पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे गोल कवडसे या सूर्याच्या प्रतिमा असतात. तिरप्या किरणांत ते लांबट होतात. पारदर्शक जलरंगात अशा जागी कागद कोरा राखून फिकटाकडून गडदाकडे जातात. तैलरंगात सामान्यतः गडद छटा आधी देऊन उजळ भाग शेवटी रंगवतात.

वर्धा जिल्ह्यातील वने

हिंगणघाट तालुक्यातील वडनेरचा परिसर प्रामुख्याने शेतीचा आहे. जिल्ह्यातील बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. येथील वन शुष्क पानझडी असून त्यात साग, ऐन, तेंदू हे वृक्ष आणि बांबू आढळतात. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, ऊन थेट जमिनीवर पोहोचते आणि फांद्यांच्या सावल्यांचे जाळे उमटते. त्यामुळे सदाहरित अरण्याची गडद हिरवी रंगयोजना येथे लागू पडत नाही. या दिवसांत करडा, गेरू व तपकिरी रंग प्रधान असतात. वसंतात पळसाचा केशरी रंग उठून दिसतो आणि पावसाळ्यात हिरव्या छटा परततात.

महाराष्ट्रातील परंपरा

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील (स्थापना १८५७) शिक्षणातून पाश्चात्त्य वास्तवदर्शी पद्धत महाराष्ट्रात रुजली. तेथे शिकलेले आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोल्हापूरच्या कोटितीर्थ परिसरात राहून झाडे, पाणी व बदलता प्रकाश यांची निसर्गचित्रे काढली.