उच्च शिक्षणसंस्थांतील महिला केंद्रे : अभ्यास, साहाय्य व न्याय यांतील भेद

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत स्त्री अभ्यास केंद्र, महिला विकास कक्ष, तक्रार निवारण समिती, विशाखा समिती अशी नावे एकाखाली एक छापलेली असतात. पुष्कळदा या सर्वांच्या समन्वयक एकच प्राध्यापिका असतात आणि फलकही एकाच खोलीवर लागलेले असतात. परिणामी कोणते काम कोणाचे, हे विद्यार्थिनींना उमगत नाही आणि अनेक प्राध्यापकांनाही ते स्पष्ट नसते. वस्तुतः ही तीन भिन्न स्वरूपाची कार्ये आहेत. अडचणीत सापडलेली विद्यार्थिनी अनेकदा समितीकडे न जाता विश्वासातील शिक्षकाकडे प्रथम येते. त्यामुळे हा भेद शिक्षकाला ठाऊक असणे अत्यंत महत्त्वाचे ठरते. प्रस्तुत लेखात या तीन कार्यांचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

स्त्री अभ्यास केंद्र : ज्ञाननिर्मितीचे कार्य

भारतातील स्त्री अभ्यासाच्या वाटचालीत १९७४ हे वर्ष महत्त्वाचे आहे. भारतातील स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा अहवाल याच वर्षी सादर केला. त्याच वर्षी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री अभ्यासाचा संशोधन विभाग सुरू झाला. १९८१ मध्ये स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठात भरली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्त्रियांच्या समानतेसाठी शिक्षणाने सक्रिय भूमिका घ्यावी असे म्हटले आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने अनेक विद्यापीठांत अशी केंद्रे उभी राहिली. पुणे विद्यापीठातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राची स्थापना १९८७ ची आहे.

ग्रंथसंग्रह, अभ्यासक्रम, संशोधन मार्गदर्शन व चर्चासत्रे ही अशा केंद्राची साधने होत. जात, वर्ग व लिंगभाव यांचे परस्परसंबंध समजून घेण्याची दृष्टी विद्यार्थ्यांना येथे मिळते. मात्र तक्रारीची चौकशी करण्याचा कोणताही वैधानिक अधिकार या केंद्रास नाही.

महिला विकास कक्ष : साहाय्याचे कार्य

महिला विकास कक्षामार्फत आरोग्य तपासणी, कायदेविषयक व्याख्याने, स्वसंरक्षण प्रशिक्षण असे उपक्रम घेतले जातात. त्यांचे मोल नाकारता येत नाही. तथापि एक दिवसाचे शिबिर, अहवाल आणि छायाचित्रे एवढ्यावरच कक्षाचे कार्य संपले, तर सुरक्षिततेची सारी जबाबदारी मुलींवरच सोपविल्यासारखे होते. विद्यार्थिनीला खरी गरज असते ती ठरावीक वेळी उघडी असणारी खोली, गोपनीयता पाळणारी समुपदेशक आणि बाहेरील मदतीचा नेमका पत्ता यांची.

अशी मदत उपलब्ध आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्यात इतरत्रही विस्तारला. १८१ ही महिला हेल्पलाइन व ‘सखी’ वन स्टॉप सेंटर यांची माहितीही कक्षाच्या दर्शनी फलकावर असावयास हवी. घरून शिक्षण थांबविण्याचा वा विवाहाचा दबाव, घरातील हिंसा अशा प्रश्नांत समितीपेक्षा हीच साधने अधिक उपयोगी पडतात.

अंतर्गत तक्रार समिती : न्यायाचे कार्य

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निवाड्याने तक्रार समित्यांचा पाया घातला. त्यामुळे ‘विशाखा समिती’ हे नाव अद्याप रूढ आहे. आज मात्र या समितीला २०१३ च्या अधिनियमाचा आणि उच्च शिक्षणसंस्थांपुरता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांचा आधार आहे. समितीची अध्यक्ष ज्येष्ठ महिला अध्यापक असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, एक सदस्य संस्थेबाहेरील असावा आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी निगडित असल्यास निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावेत, असे हे विनियम सांगतात. कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांसारख्या वरिष्ठ प्रशासकीय पदावरील व्यक्तींना समितीचे सदस्य होता येत नाही. शैक्षणिक सहल, क्रीडास्पर्धा व त्यासाठीचा प्रवास यांचाही परिसराच्या व्याख्येत समावेश आहे. विद्यार्थी व तृतीयपंथी विद्यार्थी यांच्यावरील लिंगाधारित हिंसेचीही दखल संस्थेने घ्यावी, अशी विनियमांची अपेक्षा आहे.

घटनेपासून, किंवा घटनांची मालिका असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. सबळ कारण नोंदवून समिती आणखी कमाल तीन महिन्यांची मुदत देऊ शकते. विद्यार्थिनीला लिहिणे शक्य नसेल तर लेखी तक्रार तयार करण्यास मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावी लागते. या काळात ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या अध्यापकास तिच्या उत्तरपत्रिका व कामाचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवण्याची शिफारस समिती करू शकते. अंतर्गत गुणांच्या भीतीने गप्प राहणाऱ्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. समितीकडील तक्रार हा पोलिसांकडील तक्रारीला पर्याय नव्हे. दोन्ही मार्ग तिला खुले असतात.

भेद न ओळखल्याचे परिणाम

“परीक्षा होऊ दे, मग पाहू” किंवा “आधी दोघांना समोरासमोर बसवू” असा सल्ला सद्हेतूने दिला जातो. परंतु सत्र संपेपर्यंत तीन महिने उलटलेले असतात. समेटाचा मार्गही केवळ पीडितेच्या इच्छेनेच खुला होतो आणि पैशांची देवघेव त्याचा आधार होऊ शकत नाही. कक्षाच्या समन्वयकाने आपुलकीपोटी स्वतःच चौकशी केली, तर तिला वैधानिक मूल्य राहत नाही आणि मुदत मात्र चालूच राहते.

कार्यपद्धतीतील घाईही तितकीच घातक ठरते. गोवा विद्यापीठातील एका अध्यापकाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी केलेल्या तक्रारींचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. समितीने अखेरच्या टप्प्यात सुनावण्या घाईने उरकल्या व बाजू मांडण्याची रास्त संधी दिली नाही, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी अध्यापकाच्या बडतर्फीचा निर्णय रद्द करून प्रकरण समितीकडे परत पाठविले. आरोप खरे की खोटे हा प्रश्न त्यामुळे चौदा वर्षांनंतरही अनिर्णित राहिला. समितीच्या सदस्यांना प्रशिक्षण नसेल तर तक्रारदार आणि प्रतिवादी या दोघांवरही अन्याय होतो, हा या निवाड्याचा बोध होय.

महाराष्ट्रातील अनेक वरिष्ठ महाविद्यालयांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असते. अकरावी-बारावीची विद्यार्थिनी अठरा वर्षांखालील असेल, तर तिच्यावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना देणे बंधनकारक आहे. ती न देणे हा दंडनीय अपराध आहे. येथे “समिती पाहील” असे म्हणून थांबण्याची मुभा शिक्षकाला नाही.

समारोप

अभ्यास केंद्र प्रश्न समजावून देते, विकास कक्ष आधार देतो आणि समिती चौकशी करून निर्णयाची शिफारस करते. तिन्ही आवश्यक आहेत, परंतु एकीचे काम दुसरी करू शकत नाही. म्हणून प्राध्यापकाने विद्यार्थिनीचे म्हणणे शांतपणे ऐकावे, स्वतः चौकशी करू नये, गोपनीयता राखावी, घटनेची तारीख विचारून मुदतीची कल्पना द्यावी आणि तिची इच्छा असल्यास तिच्यासोबत योग्य ठिकाणी जावे. वयाची खात्री करून घेण्याचे भानही ठेवावे. सत्रारंभीच्या उद्बोधन वर्गात ही तिन्ही दारे विद्यार्थिनींना प्रत्यक्ष दाखविली गेली, तर माहितीपुस्तिकेतील नावांना अर्थ प्राप्त होईल.