अपस्केलिंग डीव्हीडी प्लेअर: घ्यावा की राहू द्यावा?

घरात नवा सपाट टीव्ही येतो. हौसेने लग्नाची जुनी डीव्हीडी लावली जाते आणि चित्र दिसते धूसर. दुकानदार सांगतो, "टीव्ही एचडी आहे, प्लेअर जुना. अपस्केलिंगवाला घ्या, जुनी डीव्हीडीसुद्धा एचडी दिसेल." वर हप्त्यांची सोयही असते. हो म्हणण्याआधी दोन गोष्टी समजून घ्या: हे यंत्र नेमके काय करते आणि ते तुम्हाला खरोखर कितीला पडते.

अपस्केलिंग म्हणजे काय?

टीव्हीवरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६, म्हणजे एकूण ४,१४,७२० ठिपके असतात. फुल एचडी टीव्हीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. हे बरोबर पाचपट झाले. डीव्हीडीचे चित्र पडदाभर दाखवायचे, तर कमी पडणारे ठिपके शेजारच्या ठिपक्यांचे रंग पाहून हिशेबाने भरावे लागतात. या भरणीलाच अपस्केलिंग म्हणतात.

यामुळे कडा थोड्या रेखीव दिसू शकतात. पण जो तपशील तबकडीवर नोंदलाच गेला नाही, तो कोणताही प्लेअर आणू शकत नाही. डीव्हीडी ती डीव्हीडीच राहते. व्हीसीडी असेल तर आणखी कमी अपेक्षा ठेवा. तिच्यावर एका चित्रात फक्त ३५२ गुणिले २८८ ठिपके असतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. हे भरणीचे काम तुमचा एचडी टीव्ही आधीपासूनच करतो, नाहीतर डीव्हीडीचे चित्र पडद्याच्या मधोमध लहानसे दिसले असते. टीव्ही घेताना ज्या कामाचे पैसे दिले, त्याच कामासाठी पुन्हा पैसे द्यायचे का, हा खरा प्रश्न आहे.

आधी घरी करून पाहा

१. वायर तपासा. जुना प्लेअर बहुधा पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या वायरने जोडलेला असतो. त्यातली पिवळी वायर चित्राची. सगळे रंग त्या एकाच तारेतून जात असल्याने चित्र मऊ पडते. प्लेअर आणि टीव्ही दोन्हींवर हिरवी, निळी, लाल अशी चित्राची तीन भोके असतील, तर त्या जोडणीची वायर आणून लावा. आवाजासाठी जुनी लाल-पांढरी वायर तशीच ठेवा. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'प्रोग्रेसिव्ह स्कॅन' असेल तर ते सुरू करा. काही शे रुपयांत बऱ्याचदा डोळ्यांना जाणवेल इतका फरक पडतो.

२. चित्राचा आकार तपासा. माणसे बुटकी आणि रुंद दिसत असतील, तर जुने चित्र ताणले गेले आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ४:३ निवडा. याला एक पैसाही लागत नाही.

३. नेहमीच्या जागेवर बसून पाहा. दुकानात आपण पडद्याला नाक लावून उभे असतो. घरी ३२ इंची टीव्ही आठ-दहा फुटांवरून पाहिला, तर अपस्केलिंगचा फरक क्वचितच जाणवतो.

घ्यायचा कधी?

जुना प्लेअर बंद पडला असेल, किंवा नव्या टीव्हीला जुन्या वायरचे भोकच नसून फक्त एचडीएमआय असेल, तर एचडीएमआयचा प्लेअर घेणे योग्य आहे. अशा बहुतेक प्लेअरमध्ये अपस्केलिंग असतेच. त्या शब्दासाठी जादा पैसे मोजू नका. मोठा पडदा, जवळून पाहण्याची सवय आणि डीव्हीडींचा भरपूर संग्रह असेल, तर ब्लू-रे प्लेअरचीही किंमत विचारा. तो डीव्हीडीही चालवतो.

जुना पिकचर ट्यूबचा टीव्ही असेल, तर अपस्केलिंगचा काहीच उपयोग नाही.

'शून्य व्याजा'चा हिशेब

समजा, प्लेअरची किंमत ४,२०० रुपये आहे. रोख दिल्यास ३०० रुपये सूट, म्हणजे ३,९०० रुपये. हप्त्याने घेतल्यास महिना ७०० रुपये, सहा महिने, 'व्याज शून्य'. मात्र सुरुवातीलाच प्रक्रिया शुल्क २०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३६ रुपये.

हप्त्याने एकूण: ४,२०० + २३६ = ४,४३६ रुपये
रोखीने: ३,९०० रुपये
फरक: ५३६ रुपये

हे ५३६ रुपये म्हणजेच व्याज. या उदाहरणात ते महिन्याला सुमारे ४ टक्के, म्हणजे वर्षाला ४८ टक्क्यांच्या घरात जाते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते.

आता उलट करून पाहा. महिना ६५० रुपयांची सहा महिन्यांची आवर्ती ठेव अनेक बँकांत ठेवता येते. मुदत संपली की ३,९०० रुपये आणि वर थोडे व्याज तुमच्या हाती येते. त्या वेळीही प्लेअर हवासा वाटला, तर रोखीने घ्या. नको वाटला, तर पैसे तुमचेच आहेत.

वापरावर भागून पाहा

तीन वर्षे महिन्याला दोन डीव्हीडी पाहिल्या, तर ७२ वेळा वापर होतो आणि ३,९०० रुपयांचा प्लेअर दर वेळी सुमारे ५४ रुपयांना पडतो. वर्षाला सहाच पाहिल्या, तर दर वेळी सुमारे २१७ रुपये. तुमच्या घरी गेल्या वर्षी किती डीव्हीडी लागल्या, ते आठवा आणि तोच आकडा धरा.

खरेदीआधी लक्षात ठेवा

• आपली डीव्हीडी दुकानात न्या आणि घरच्या टीव्हीएवढ्याच पडद्यावर लावून पाहा.
• रोखीची किंमत आणि हप्त्यांची एकूण रक्कम कागदावर लिहून घ्या.
• पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड जपून ठेवा. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

शेवटी, ज्या लग्नाच्या डीव्हीडीमुळे हा विषय निघाला, तिच्याकडे पाहा. स्टुडिओत लिहून मिळालेल्या तबकड्या वर्षे गेली की खराब होतात, आणि मग कितीही महागडा प्लेअर त्या चालवू शकत नाही. ती डीव्हीडी अजून चालते आहे तोवर संगणकावर उतरवून घ्या. एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि दुसरी नातेवाइकांकडे ठेवा. पेन ड्राइव्ह बऱ्याच टीव्हींना थेट लागतो. चित्र थोडे धूसर असले तरी चालेल. त्यातली आता नसलेली माणसे पुन्हा चित्रित करता येणार नाहीत. पैसे खर्च करायचेच असतील, तर पहिला खर्च हा करा.