तोंडात तार आणि कानाला हेडफोन

शनिवारी संध्याकाळी मी दातांना ब्रेसेस लावून घेतल्या आणि सोमवारी दुपारी कामावर हजर झाले. माझं काम म्हणजे बोलणं. कॉलेज सुटलं की मी मेट्रोने हायटेक सिटीला जाते आणि एका कंपनीच्या मराठी ग्राहकांचे फोन घेते. बिल किती, तारीख कोणती, पैसे कुठे अडकले, हे सगळं मराठीत सांगायचं. हैदराबादेत बसून नांदेड, लातूर, नाशिकशी बोलणाऱ्या आम्ही पाचसहा जणी आहोत. ब्रेसेसचे हप्ते याच पगारातून जाणार होते, म्हणून सुट्टी घ्यायची सोय नव्हती.

पहिल्याच तासात एका आजोबांनी विचारलं, "बाई, तुमच्या तोंडात काही आहे का? आधी जेवून घ्या, मी थांबतो."

ते रागावले नव्हते, खरंच थांबले होते. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. त्या आठवड्यात जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हा लेख. आपल्या वर्गातल्या दोघी ब्रेसेसचा विचार करताहेत हे मला माहीत आहे.

आधी दुखण्याबद्दल. डॉक्टर प्रत्येक दातावर आम्ल लावून तो थोडा खरखरीत करतात, त्यावर ब्रॅकेट चिकटवतात आणि निळ्या प्रकाशाने तो डिंक पक्का करतात. यात काहीच दुखत नाही. मग ब्रॅकेटांतून तार ओवतात. सुरुवातीची तार बहुधा निकेल आणि टायटॅनियमची असते. या तारेला तिचा मूळ आकार 'आठवतो'. वाकड्या दातांवर बसवताना ती वाकते आणि मग सरळ व्हायला बघते, त्या ओढीने दात हलतात. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मध्ये मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढा धाग्यांचा पातळ थर असतो. दात एका बाजूला रेटला की त्या बाजूचा थर दाबला जातो आणि तिथलं हाड पेशी हळूहळू खातात. दुसऱ्या बाजूला थर ताणला जातो आणि तिथे नवीन हाड भरतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, एवढा हा प्रवास.

दुखतं ते त्या दाबलेल्या थरामुळे. पण लगेच नाही. मी क्लिनिकमधून बाहेर पडून थेट इराणी हॉटेलात चहा प्यायले, मस्त वाटत होतं. चारपाच तासांनी ठणका सुरू झाला, रविवारी तर उपमाही चावेना. साधारण चोवीस तासांनी कळ सगळ्यात जास्त असते, मग उतरत जाते आणि आठवड्याभरात बहुतेक संपते. म्हणजे शनिवारी लावून सोमवारी जाणं हा हिशेब दुखण्याच्या बाबतीत फारसा चुकला नव्हता. गार पाण्याने बरं वाटतं, कारण गारव्याने ही तार थोडा वेळ नरम पडते. गोळी कोणती घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारा. काही वेदनाशामकं दात हलवणारी प्रक्रियाच मंदावू शकतात असं म्हणतात, म्हणून पुष्कळ डॉक्टर पॅरासिटामॉल सांगतात.

हिशेब चुकला तो उच्चारांचा.

व्याकरणाच्या तासाला आपण ओष्ठ्य, दंत्य, तालव्य अशी नावं पाठ केली. परीक्षा झाली, विसरलो. मला ती सोमवारी तोंडात भेटली. त, थ, द, ध, न हे दंत्य, त्यामुळे मला वाटलं होतं पहिले बळी हेच. पण यांना काहीच झालं नाही! कारण जीभ टेकते ती वरच्या दातांच्या मागे, आणि माझ्या ब्रेसेस पुढून आहेत. मागून बसवायच्या ब्रेसेसही मिळतात, त्या दिसत नाहीत, पण जिभेला खूप छळतात. बोलण्याचं काम असेल तर निवडण्याआधी हे जरूर विचारा.

प, ब, म हे ओष्ठ्य जड गेले. ओठांना आता ब्रॅकेटांच्या उंचवट्यावरून येऊन मिटावं लागतं, ते एकदम आखूड झाल्यासारखे वाटतात. शिवाय नव्या वस्तूला तोंड घास समजतं आणि लाळ सोडतं, त्यामुळे दर दोन वाक्यांनी गिळावं लागत होतं. आजोबांना ऐकू आलं ते तेच.

पण खरा घोटाळा स आणि च चा. वरच्या दातांनी खालचे ब्रॅकेट तुटू नयेत म्हणून डॉक्टरांनी माझ्या दाढांवर निळ्या मसाल्याचे छोटे उंचवटे केले आहेत. त्यामुळे दात पूर्ण मिटतच नाहीत. स म्हणताना जिभेच्या मधल्या खोबणीतून हवेची बारीक धार पुढच्या दातांच्या कडेवर आपटते आणि शिट्टीसारखा आवाज होतो. वरच्या-खालच्या दातांत फट पडली की ती धार विस्कटते. स बोथट होतो, कधी श कडे झुकतो.

आणि आपल्या मराठीत च दोन आहेत. चिमणीतला, चेहऱ्यातला तालव्य, आणि चाकातला, चुकीतला दंततालव्य. लिहिताना अक्षर एकच, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. दुसऱ्या च च्या पोटात स लपलेला असतो. स गेला की तोही जातो. आता विचार करा, पैशांचे आकडे सांगायचेत. 'पाचशे पंच्याऐंशी' एवढ्या दोन शब्दांत आधी चाकातला च, लगेच श, मग चिमणीतला च, आणि शेवटी पुन्हा श! 'सदुसष्ट' आणि 'सहासष्ट' यांतला फरक तर माझा मलाच ऐकू येईना. इथे चूक म्हणजे गंमत नव्हे, कुणीतरी एक रुपया कमी भरतो आणि त्याला दंड बसतो.

मंगळवारी मी टीम लीडकडे गेले आणि सरळ सांगितलं. ती तेलुगू, आमचं बोलणं हैदराबादी हिंदीत. तिने माझे रेकॉर्ड झालेले दोन कॉल ऐकवले. आपला आवाज असा ऐकणं हा एक वेगळाच छळ असतो. मग म्हणाली, आठवडाभर निम्मा वेळ चॅटवर बस, निम्मा वेळ फोन घे. पूर्ण चॅट दे म्हटलं तर नाही म्हणाली. "बोलणार नाहीस तर तोंड शिकणार कसं?" तेव्हा राग आला, पण तिचं बरोबर होतं. दातांना जागा बदलायला महिने लागतात, जिभेला नवीन जागा सापडायला दिवस पुरतात. अट एकच, तिला चालवायला हवी.

मी काय केलं ते सांगते. आकडा पूर्ण म्हणायचा आणि मग सुटा, "सदुसष्ट, सहा आणि सात." ग्राहकाकडून परत वदवून घ्यायचा. वेग कमी. टेबलावर पाणी. ओठाला आतून घासणाऱ्या ब्रॅकेटवर डॉक्टरांनी दिलेलं मेण, वाटाण्याएवढं. नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथे फोड येतो. मला आलाच, मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी गेला. आणि घरी जाताना मेट्रोत फोन कानाला लावून एकसष्ट ते नव्याण्णव उजळणी. सिकंदराबाद ते तार्नाका माझ्याशेजारी बसलेल्या काकूंना मी सावकारी करते असं वाटलं असणार. दोन आठवड्यांत स बराचसा परत आला. रविवारच्या मिस्साला वाचन करायचं होतं, ते मात्र एका रविवारपुरतं मैत्रिणीला दिलं.

डब्यात पहिले चार दिवस खिचडी, वरण-भात, दही-भात. उस्मानिया बिस्किट चहात बुडवलं की चालतं, चिक्की आणि फुटाणे विसरा. हळदीने ब्रॅकेटवरची पारदर्शक रबरं दोन दिवसांत पिवळी होतात, तेव्हा राखाडी रंग मागून घ्या. ऑफिसात ब्रश ठेवा आणि जेवल्यावर वापरा, लाजायचं नाही.

लाजण्यावरून आठवलं. "या वयात?" हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला आणि त्यातल्या निम्म्यांनी पुढे "लग्न ठरलंय का?" असंही. माझे खालचे दात एकावर एक चढलेत, मध्ये ब्रश पोचत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, एवढंच कारण. मोठ्या वयात दात हलतात, फक्त सुरुवात जरा सावकाश होते, आणि हिरड्या निरोगी आहेत ना हे आधी तपासावं लागतं. जबड्याची वाढ थांबलेली असते, म्हणून जबड्याचाच दोष असेल तर नुसत्या तारेने भागेलच असं नाही. टॉम क्रूझने २००२ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ब्रेसेस लावूनच सिनेमाची प्रसिद्धी केली होती. हे मी मावशीला सांगितलं. "त्याचं लग्न झालं होतं ना पण?" इति मावशी.

वसईच्या आजीने मात्र फोनवर माझा स ऐकला आणि काहीच विचारलं नाही. म्हणाली, "अगं, संत अपोलोनियाला सांग. दातदुखीवाल्यांची तीच." अलेक्झांड्रियातल्या या संतेचे दात छळ करणाऱ्यांनी पाडले होते, तिचा सण ९ फेब्रुवारीला असतो. मी आजीला म्हटलं, माझे पाडायचे नाहीत, सरळ करायचेत.

गेल्या सोमवारी तार घट्ट करून आणली. पुन्हा दोन दिवस ठणका, पण या वेळी गुरुवारची संध्याकाळ निवडली होती असं म्हणायला मी हुशार नाही. सोमवारीच गेले, मंगळवारी कळ शिगेला आणि शिफ्टही. पाचवाच कॉल होता. बाईंनी बिल विचारलं. पाचशे पंच्याऐंशी. मी एका दमात म्हटलं, आणि त्यांनी परत विचारलं नाही.